बर्निंग मॅनला कॅमेरा नेताय? मग धुळीचा बंदोबस्त असा करा

बर्निंग मॅन म्हणजे अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी आठवडाभर भरणारा कलामहोत्सव. तिथे जायचं पक्कं झालं की तिकीट, पाणी, तंबू हे सगळं मार्गी लागतं आणि मग हमखास प्रश्न येतो कॅमेऱ्याचा. न्यावा की नको, नेला तर धुळीने वाट लागेल का, आणि लागू नये म्हणून नेमकं करायचं काय. माझं मत सरळ आहे, न्या, नीट सांभाळलात तर तो धड परत येतो. पण एक गोष्ट आधीच मान्य करून टाका, तिथली धूळ शंभर टक्के अडवणं कुणालाच जमत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की कॅमेरा किती वेळा उघडतो ते कमी करायचं. लेन्स काढली, बॅटरीचं झाकण उघडलं, कार्ड बदललं, झूम पुढेमागे केला, प्रत्येक वेळी धुळीला आत यायला वाट मिळते. खाली जे काही सांगतोय ते फिरून फिरून याच मुद्द्यावर येणार आहे.

ही धूळ साधी नाही

वाळवंट म्हटलं की वाळूचे ढिगारे डोळ्यासमोर येतात, तसं तिथे काही नाहीये. नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट म्हणजे साधारण १२०० मीटर उंचीवरचं एक अफाट सपाट मैदान. हिमयुगात तिथे लाहोंटन नावाचा मोठ्ठा तलाव होता, तो आटला आणि तळाचा गाळ उघडा पडला, त्यालाच सगळे प्लाया म्हणतात. पावसाळी महिन्यांत हा गाळ भिजतो, उन्हात वाळून वर कडक पापुद्रा धरतो, आणि मग ऑगस्टच्या शेवटी तिथे सत्तर-एक हजार माणसं, त्यांच्या गाड्या, सायकली, ट्रक येतात आणि तो पापुद्रा फुटून खालची पावडर मोकळी होते. महोत्सवापुरतं जे तात्पुरतं शहर उभं राहतं त्याच्या रस्त्यांवर पाण्याचे ट्रक फिरतात पण ते रस्त्यापुरतं, मोकळ्या प्लायावर वारा सुटला की पुढचा माणूस दिसत नाही.

वाळूचा कण निदान डोळ्याला दिसतो, झूम रिंगमध्ये अडकला तर खर्रकन आवाज तरी येतो. हा फुफाटा टाल्कम पावडरइतका बारीक, आवाज न करता आत जातो आणि पहिले दोन दिवस तुम्हाला वाटतं काहीच झालं नाही. त्यात तो क्षारयुक्त आहे, अल्कलाईन, अनवाणी चालणाऱ्यांचे पाय फुटतात ते याच्यामुळेच. कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की क्षार ओलावा धरतात, बॅटरीच्या आणि हॉट शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच) धातूच्या पट्ट्यांवर महिनोन् महिने बसले तर गंज चढतो, आणि ओली झालेली धूळ वाळली की फटींमध्ये सिमेंट. म्हणून घरी आल्यावरची सफाई "करू निवांत" म्हणून दिवाळीपर्यंत ढकलायची नाही, त्यावर खाली येतोच.

काय न्यायचं ते आधी ठरवा

अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. लोक कव्हर कुठलं घ्यायचं यावर चार दिवस रिसर्च करतात आणि मग बॅगेत पाच लेन्स कोंबतात, त्याला काही अर्थ नाही, कारण पाच लेन्स नेल्या की बदलायचा मोह होणारच.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एक बॉडी, एक लेन्स, आणि आठवडाभर ती लेन्स निघणार नाही. दोन बॉडी असतील तर उत्तम, एकीवर वाइड आणि दुसरीवर टेली घरीच लावायची आणि घरीच काढायची. दुसरी बॉडी जुनी असली तरी चालेल, सहा-सात वर्षांपूर्वीचा कॅमेरा हातात घेऊन बेफिकीर फिरणं हे नव्याकोऱ्या बॉडीला जपत तंबूत बसण्यापेक्षा कधीही बरं.

लेन्स निवडताना एक गोष्ट बघा, झूम करताना नळी बाहेर येते का. २४-७० आणि २४-१०५ यांच्यात ती बहुतेक वेळा येते, आणि बाहेर आली की लेन्स आत हवा ओढते, हवेबरोबर धूळही, आणि परत आत गेली की नळीवर बसलेली धूळ सीलच्या आत खेचली जाते. बऱ्याचशा ७०-२०० एफ २.८ लेन्समध्ये झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही, त्या तुलनेने सुरक्षित. प्राइम लेन्स, म्हणजे जिच्यात झूमच नसतो ती, त्याहून बरी, तिथल्या कलाकृती इतक्या मोठ्या असतात की ३५ किंवा २८ मिमीवर आरामात काम होतं, जवळ जायला पाय आहेतच. बाहेर येणाऱ्या झूमशिवाय दुसरं काही नसेल तर एक फोकल लेंथ (झूमची एकच जागा) पकडा, रिंगवर टेप मारा आणि तिला प्राइम समजून वापरा.

वेदर सीलिंगचं कौतुक फार करू नका. बहुतेक लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांना आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडतं याचा तपासून दिलेला आकडा) नसतंच, कंपनी नुसतं "डस्ट अँड मॉइश्चर रेझिस्टंट" लिहिते आणि त्याची कुठलीही हमी देत नाही. ज्यांना आहे, म्हणजे ओएम सिस्टमचा ओएम-१ आयपी५३ आहे, त्यातला पहिला आकडा धुळीचा, आणि ५ चा अर्थ धूळ आत येईल पण काम बंद पडण्याइतकी येणार नाही. पूर्ण बंद हवं असेल तर तो आकडा ६ लागतो, तो तुमच्या फोनला असायची शक्यता जास्त. शिवाय बॉडी सील्ड पण लेन्स साधी असेल तर माउंटच्या रबराचा उपयोग अर्धाच. कॅननच्या एल मालिकेतल्या काही लेन्स पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण सील होत नाहीत असं कॅनन स्वतःच सांगतं, ५० मिमी एफ १.२ एल त्यातलीच, तेव्हा आपल्या लेन्सचं मॅन्युअल एकदा उघडून बघा.

कॅमेरा भाड्याने आणणार असाल तर करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, धुळीच्या सफाईचा खर्च बऱ्याच ठिकाणी वेगळा लावतात आणि तो दणदणीत असतो.

आणि हो, ज्यांना एवढा व्याप नकोच त्यांनी ऑलिम्पस टफ टीजी-६ सारखा वॉटरप्रूफ पॉकेट कॅमेरा किंवा गोप्रो न्यावा, धूळ बसली की नळाखाली धरायचा. फोटोची क्वालिटी फुल फ्रेमची नाही, पण व्हाइटआउटमध्ये, म्हणजे धुळीने सगळं पांढरं होऊन पुढचं दिसेनासं होतं तेव्हा, जो खिशातून निघतो तोच कॅमेरा खरा. फिल्मवाल्यांना एकच सांगणं, प्रेशर प्लेटवर (फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टी) एक कण बसला तर अख्ख्या रोलवर लांबलचक ओरखडा येतो, त्यामुळे रोल बदलणं म्हणजे लेन्स बदलण्यासारखंच समजा आणि त्याच पद्धतीने बंद जागेत करा.

घरी बसून करायची तयारी

खरेदीची यादी मोठी नाही. मोठ्या झिपलॉक पिशव्या (दोन गॅलनवाल्या फ्रीझर बॅग, जाड प्लास्टिकच्या), गॅफर टेप, निळा पेंटर टेप, मोठा हवेचा ब्लोअर, मऊ ब्रश, भरपूर मायक्रोफायबर कापडं, लेन्सच्या मापाचा यूव्ही किंवा क्लिअर फिल्टर, रबर बँड, आणि रोल करून बंद होणारी ड्राय बॅग किंवा रबरी गॅस्केटवाली हार्ड केस. हे सगळं निघायच्या आधी घ्या, तिथे बर्फ सोडला तर विकत जवळपास काही मिळत नाही आणि ब्लोअरसाठी रिनोपर्यंत परत जायचं म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता, तोही गेटची लाइन धरली नाही तर.

तयार कव्हरही मिळतात, एवा-मरीनसारख्या पाण्याखालच्या मऊ पिशव्या आहेत, त्या चांगल्याच, फक्त महाग आणि बटणं जरा जड जातात. मी झिपलॉकच्या बाजूचा आहे, कारण स्वस्त आहे आणि फाटली तर दुसरी. पण ती घाईत बनवली तर वैताग येतो म्हणून नीट सांगतो.

पिशवी टेबलावर पसरा, झिप आपल्याकडे, बंद टोक पलीकडे. कॅमेरा आत घाला, लेन्स बंद टोकाकडे. लेन्सच्या तोंडाभोवती बाहेरून मार्करने गोल काढा, आणि कापताना त्या गोलाच्या आत चांगलं एक सेंटीमीटर सोडून छोटं भोक पाडा, मोठं नको, प्लास्टिक ताणलं जातं आणि ताण असला तरच ते कडेला घट्ट बसतं. आता प्लास्टिकची कड लेन्सच्या ओठावरून ओढून घ्या आणि वरून फिल्टर फिरवा, म्हणजे प्लास्टिक फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये चिमटीत सापडतं. फिल्टर सरळ बसतोय ना ते बघा, तिरका चढला तर आटे खराब होतील, आणि पिशवी फार जाड असेल आणि फिल्टर पकडतच नसेल तर जबरदस्ती करू नका, सरळ रबर बँड आणि त्यावर पेंटर टेप. फिल्टर बसला तरी मागे लेन्सच्या नळीवर एक रबर बँड लावाच. हूड वरून लावा, हूडने पुढच्या काचेवर धूळ कमी बसते आणि सायकलवरून पडलात तर आधी तोच मार खातो.

फोकस रिंग फिरवायची असेल तर तिथे प्लास्टिक थोडं सैल ठेवा. व्ह्यूफाइंडरसाठी मागे छोटं भोक पाडून आयकपच्या खाली ते प्लास्टिक दाबता येतं, पण मिररलेस (आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा) असेल तर मी भोक न पाडता मागच्या स्क्रीनवरच काम करायला सांगेन, एक भोक कमी. इथे एक गंमत होते, व्ह्यूफाइंडरजवळ डोळा ओळखणारा जो सेन्सर असतो त्याला प्लास्टिक म्हणजे डोळा वाटतो आणि मागची स्क्रीन काळी पडते, लोक घाबरतात की कॅमेरा गेला. मेनूमध्ये जाऊन डिस्प्ले मॅन्युअलवर टाका, ऑटो बंद. टच फोकस प्लास्टिकमधून कधी चालतो कधी नाही, तो पण बंद करून टाका नाहीतर प्लास्टिक घासलं की फोकस पॉइंट कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसतो.

आता टेप. बॉडीवर कुठे फट आहे ते निवांत बघा. हॉट शू, माइकची बारीक भोकं, स्पीकर, यूएसबी आणि एचडीएमआयची रबरी झाकणं, पॉप-अप फ्लॅशची कड, स्ट्रॅपचे हुक, वापरत नसलेल्या डायलच्या खालची फट. पेंटर टेप निघताना डाग सोडत नाही म्हणून नाजूक जागी तो, आणि जिथे घट्ट धरायला हवं तिथे गॅफर. साधी डक्ट टेप नको, त्या उन्हात तिचा गोंद वितळून बसतो आणि मग धुळीपेक्षा गोंद काढणं अवघड. ज्या बॉडीवर लेन्स कायम राहणार तिच्या माउंटच्या जोडावरून टेपचा एक वेढा मारा, लेन्स काढायचा मोह झाला तरी टेप सोलताना दहा सेकंद विचार करायला मिळतात.

बॅटरी आणि कार्ड. सगळ्यात मोठं कार्ड घ्या, दोन स्लॉट असतील तर दोन्ही भरा आणि एकाच वेळी दोन्हीवर फोटो जाईल असं लावा, म्हणजे बॅकअपसाठी रोज कार्ड काढायची गरज नाही. रोज रात्री लॅपटॉप उघडून फोटो बघायची सवय असेल तर ती आठवडाभर सोडा, पंखेवाला लॅपटॉप तिथे अक्षरशः धूळ ओढायचं मशीन होतो.

पिशव्यांची कटिंग, टेपचे तुकडे, सगळं घरीच उरका. तिथे कागदाचा कपटासुद्धा मागे सोडायचा नसतो आणि वाऱ्यात उडालेला प्लास्टिकचा गोल तुकडा तुम्हाला परत सापडणार नाही. सिलिका जेलची पुडी फाटली तर ते दाणे वेचत बसायची वेळ येते, म्हणून ती डबीवाली घ्या किंवा नका घेऊ, हवा तशीही कोरडी असते.

शेवटचं, या सगळ्या अवतारात कॅमेरा घेऊन घरच्या घरी एक अख्खी दुपार फोटो काढा. कुठलं बटण लागत नाही, फोकस कुठे अडतो ते इथेच कळू दे.

तिथे पोचल्यावर

गेटच्या रस्त्यावर गाड्या तासन् तास रांगेत असतात आणि सगळ्यात जास्त धूळ कधी कधी तिथेच खावी लागते, खिडक्या उघड्या असतात, माणसं उतरत असतात. कॅमेरा हार्ड केसमध्येच राहू द्या, पहिला फोटो कॅम्प लागल्यावर.

केस उघडायच्या आधी वरचं झाकण ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकणावरची सगळी धूळ उघडल्याबरोबर आत. गॅस्केटचं रबर आणि त्याची खाच रोज एकदा बोटाने तपासा, त्यात कचरा बसला की केस बंद दिसते पण बंद नसते. वेल्क्रोवाली फोमची कॅमेरा बॅग तिथे नेऊच नका, तो फोम धूळ पितो आणि पुढची दोन वर्षं थोडी थोडी परत देत राहतो. कापडी बॅगच वापरायची असेल तर आत प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपलॉकमध्ये.

बॅटरी बदलायची तर गाडीत, काचा वर, एसी आणि ब्लोअर बंद, धूळ खाली बसायला पाचेक मिनिटं थांबा, हात पुसा, मग झाकणाची कड ब्रशने साफ करून उघडा. झाकण खाली तोंड करून उघडायचं, म्हणजे जे काही पडेल ते बाहेर पडेल. सकाळी निघताना पूर्ण चार्ज बॅटरी टाकली आणि स्क्रीनवर फोटो बघत बसला नाहीत तर दिवसातून एकदाच हे करावं लागतं. बॅटरी ग्रिप असेल तर आणखी बरं.

लेन्स बदलायचीच अशी अगदीच वेळ आली तर तेही गाडीत, आणि मोठ्या स्वच्छ पारदर्शक पिशवीच्या आत दोन्ही हात घालून. कॅमेरा बंद, माउंटची कड आधी साफ, नवीन लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल, बॉडीचं तोंड खाली, काढलं-लावलं, संपलं. काही मिररलेस कॅमेरे बंद केल्यावर शटर खाली येऊन सेन्सर झाकतात, तसं सेटिंग असेल तर चालू करा, फक्त मग त्या शटरच्या पात्यांवर ब्लोअरचा झोत मारू नका, ती फार नाजूक असतात. तंबूत लेन्स बदलू नका. तंबू आतून बंद वाटतो पण जाळीतून आलेली धूळ आत तरंगतच असते, सकाळी उशीवर बघा.

दुपारी वारा वाढतो. लांबवर पांढरी भिंत येताना दिसली की पळायचं नाही, कॅमेरा बंद करायचा, लेन्स खाली, कॅमेरा पोटाशी, वरून स्कार्फ. गॉगल आणि मास्क स्वतःला आधी, हे सांगायला नको. ज्यांना व्हाइटआउटमधलेच फोटो हवेत, आणि खरं सांगायचं तर बर्निंग मॅनचे सगळ्यात भारी फोटो त्यातलेच असतात, त्यांनी ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नये. कॉन्ट्रास्ट नसतो, लेन्स नुसती पुढेमागे शोधत राहते. पाचेक मीटरवर मॅन्युअल फोकस लावून रिंगवर टेप, एफ ८, आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर, कारण सगळं पांढरं दिसलं की मीटर फसतो आणि धूळ करडी येते. कुणीतरी सायकल घेऊन त्या पांढऱ्यातून बाहेर येईपर्यंत थांबायचं.

सायकल चालवताना कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका. पुढच्या चाकाची धूळ थेट त्याच्यावर येते आणि हँडलवर आपटतो ते वेगळंच. ड्राय बॅगेत, पाठीवर.

उन्हाचंही बघा, दिवसा ३८ अंशांच्या आसपास जातं, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काळी बॉडी उन्हात ठेवली तर लांब व्हिडिओ शूट करताना तापून बंद पडणार. व्हिडिओवाल्यांनी छोटे छोटे शॉट घ्यावेत आणि मधे सावली. पाऊस सहसा नसतो पण २०२३ मध्ये असा पडला की रस्ते बंद झाले आणि लोक चिखलात अडकून पडले. धुळीने भरलेल्या कॅमेऱ्यावर पाणी पडणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, सगळं लेप होऊन फटींत बसतं, म्हणून एक न कापलेली झिपलॉक कायम खिशात.

रात्र

रात्री वारा बऱ्याचदा पडतो पण हवेत धूळ असतेच, आणि ती कळते फ्लॅश मारला की. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटला की समोरचा प्रत्येक कण पांढरा गोळा होऊन फोटोत येतो. फ्लॅश हातात, बाजूला लांब धरा, नाहीतर विसरा आणि म्युटंट गाड्यांच्या, म्हणजे तिथे फिरणाऱ्या सजवून रूप पालटलेल्या गाड्यांच्या, लाइटवर काम करा, मागून लाइट आला की तीच धूळ सुंदर दिसते. या गाड्यांवर सगळे एलईडी, इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोत आडवे पट्टे येतात, दिवसा शटरची पाती वाचवायला इलेक्ट्रॉनिक वापरत असाल तर रात्री मेकॅनिकलवर या.

लेझरपासून सांभाळा. याचा धुळीशी संबंध नाही पण धुळीपेक्षा हा लवकर कॅमेरा मारतो. थेट किरण लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमच्या रेषा उमटू शकतात, मिररलेसचा सेन्सर तर कॅमेरा चालू असताना कायम उघडाच असतो. लेझर फिरताना दिसला की लेन्स दुसरीकडे.

शनिवारी रात्री मॅन, म्हणजे मधोमध उभा केलेला माणसाचा मोठा लाकडी पुतळा, जळतो तेव्हा आगीच्या उष्णतेने आजूबाजूला वावटळी उठतात, धूळ आणि राख दोन्ही घेऊन त्या गर्दीच्या दिशेनेही येतात. पुढच्या रांगेत बसणार असाल तर लांब लेन्सची गरज नाही, आणि ठिणग्यांनी प्लास्टिकला भोक पडतं तेव्हा नवीन पिशवी जवळ असू द्या. एक गोष्ट धुळीची नाही पण सांगतो, माणसांचे फोटो विचारून काढा, तिथे याबद्दल लोक फार काटेकोर आहेत, आणि ड्रोन आधी नोंदणी केल्याशिवाय उडवता येत नाही.

रोजची सफाई, आणि कमीत कमी

तिथे असताना जास्त साफ करू नका. रोज झोपायच्या आधी गाडीत बसून पाच मिनिटं पुरेत, आणि क्रम चुकवायचा नाही: आधी मऊ ब्रशने फटींपासून बाहेरच्या दिशेने झाडायचं, मग ब्लोअर तिरका धरून, सगळ्यात शेवटी किंचित ओलसर कापड. कोरडं कापड सुरुवातीलाच फिरवलं तर ती धूळ काचेवर घासली जाते आणि कोटिंगचं वाटोळं होतं. फिल्टरवर केसासारखे बारीक ओरखडे आले तरी चालतील, त्यासाठीच तो लावलाय, दिवसा फक्त ब्लोअर मारायचा आणि पुढे चालायचं.

ब्लोअरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. तो हवा आत कुठून ओढतो? त्याच धुळीच्या हवेतून. बाहेर उभं राहून ब्लोअर मारलात तर आधीची धूळ उडवून नवी फेकताय. तो कायम वेगळ्या झिपलॉकमध्ये, वापर बंद गाडीत, आणि आधी चार-पाच वेळा बाजूला दाबून मोकळा करा. आत फिल्टर असलेला मिळाला तर तोच घ्या. स्प्रे कॅनवाली हवा अजिबात नको, दाबाने धूळ सीलच्या आत ढकलली जाते आणि कॅन तिरका झाला की गार द्रव उडतो. तोंडाने फुंकायचं तर नाहीच, थुंकी आणि ही धूळ एकत्र म्हणजे लेप.

सेन्सरला तिथे हात लावायचा नाही. आकाशात काळे ठिपके दिसायला लागले तरी नाही. मेनूतली सेन्सर थरथरवून साफ करायची सोय चालू ठेवा, बाकीचे ठिपके घरी कॉम्प्युटरवर जातात.

घरी आल्यावर, पहिल्या आठवड्यात

बॅग घरात उघडू नका, गॅरेज किंवा बाल्कनी. आधी केस, बॅग, स्ट्रॅप बाहेरून व्हॅक्यूम. मग कॅमेरा प्लास्टिकमध्ये असतानाच बाहेरून पुसा आणि त्यानंतर प्लास्टिक काढा, टेप हळू सोला, टेपच्या कडेला धुळीची रेघ साठलेली असते ती ब्रशने झाडून मग पुढे.

इथे लोकांची सगळ्यात जास्त घाई होते. घरी आलो, आता सुरक्षित, म्हणून पटकन लेन्स काढतात. माउंटच्या जोडाच्या खाचेत आठवडाभराची धूळ बसलेली असते, लेन्स फिरवली की ती सगळी आत पडते, म्हणजे आठवडाभर सांभाळलेला सेन्सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर खराब. आधी बॉडी पूर्ण साफ, मग त्या जोडावर ब्रश, ब्लोअर, ओलसर इअरबड, गोल फिरून दोनदा तरी, आणि मग कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून लेन्स काढा. लेन्सचं मागचं झाकण आणि बॉडी कॅप साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ही दोन झाकणं कुणी साफ करत नाही आणि पुढे सहा महिने सेन्सरवर धूळ कुठून येतेय याचा शोध चालू राहतो.

बॅटरीच्या पट्ट्या, हॉट शू, लेन्सचे सोनेरी कॉन्टॅक्ट, यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला इअरबड फिरवा. आयसोप्रोपिल इअरबडवर, थेट कॅमेऱ्यावर ओतायचं नाही.

सेन्सर तपासायला कमी आयएसओ, एफ १६ किंवा २२, फोकस मुद्दाम घालवून पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश. फोटो मोठा करून बघा. ठिपका फोटोत वर डावीकडे असेल तर कॅमेऱ्याच्या समोरून बघताना तो सेन्सरवर खाली डावीकडे असतो, वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. आधी कॅमेरा खाली तोंड करून ब्लोअर. तरी राहिलं तर सेन्सरच्या मापाचा स्वॅब (सेन्सर पुसायची चपटी काडी), फुल फ्रेमला २४ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिमी, एका दिशेने एकदा, परतताना दुसरी बाजू, आणि तो स्वॅब फेकून द्यायचा. सैल कण ब्लोअरने गेल्याशिवाय स्वॅब लावू नका. हात थरथरत असतील किंवा कधी केलंच नसेल तर सरळ सर्व्हिस सेंटर, पैसे वसूल आहेत.

ट्रायपॉड मात्र निर्धास्तपणे धुवा. पाय पूर्ण उघडून, जॉइंट सुटे करून, बादलीभर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसून काढा, व्हिनेगरने क्षार मरतात, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवून ग्रीस. हेच पाणी हार्ड केसला आणि सायकलला चालतं, लेन्सला आणि कॅमेऱ्याला नाही.

लेन्सच्या आत दोन-चार कण दिसले तर त्याचा धसका घेऊ नका, फोटोत ते दिसत नाहीत, टॉर्च मारून शोधणं बंद करा म्हणजे झालं. पण झूम किंवा फोकस रिंग फिरवताना खरखर लागते, बटण दाबल्यावर परत वर येत नाही, डायल एक पायरी सोडून उडी मारतो, यातलं काही असेल तर वापरणं थांबवा आणि द्या दुरुस्तीला, कारण फिरवत राहिलात तर धूळ घासून घासून आतल्या खाचा झिजवते. देताना बॅटरी आणि कार्ड काढून घ्या, फॉर्मवर क्षारयुक्त बारीक धूळ असं स्पष्ट लिहा, म्हणजे ते नुसतं बाहेरून न पुसता उघडून बघतील, आणि वॉरंटीत बसेल या आशेवर जाऊ नका, आधी खर्चाचा अंदाज लेखी मागा.